महोगनी लावू का? मोहोळ तालुका, दोन एकर, बजेट 30 हजार

कोरडवाहू_मोहोळ:
नमस्कार मंडळी. मोहोळपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचं दोन एकर रान आहे, एक एकर काळं आणि एक एकर चढाचं मुरमाड. बोअर फेब्रुवारीपर्यंत बरा चालतो, मग तासभर ओढतो आणि थांबतो. मी पुण्यात नोकरीला, वडील 68 वर्षांचे, ज्वारी काढायला माणसं मिळत नाहीत, म्हणून झाडं लावून मोकळं व्हावं असं डोक्यात आहे. गेल्या महिन्यात एक एजंट घरी येऊन गेला. एकरी 500 महोगनी, रोप 140 ला, बारा वर्षांनी कंपनी घनफुटाला 2000 नी उचलणार, करार करून. वडील अर्धे तयार झालेत. आपल्याकडं महोगनी खरंच येते का? का त्याच जातीतलं दुसरं काही लावावं, मलबार नीम, आफ्रिकन महोगनी, तून वगैरे नावं ऐकली आहेत. बजेट सगळं धरून 30 हजार, वर एक रुपया नाही, हे आधीच सांगतो.

अकलूजचा_बागायतदार:
बिनधास्त लावा. माझी 2018 ची तीन एकर आहे, आज बघाल तर 30 फुटाच्या वर गेलीत, रस्त्यावरनं जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात. पण अर्धवट करू नका, ठिबक चांगल्या कंपनीचं घ्या, चारी बाजूनं तार कंपाउंड करा, खड्डे जेसीबीनं घ्या. माझे सव्वातीन लाख गेले, पण काम बघण्यासारखं झालं.

चादर_सोलापुरी:
मालक, तुमच्या रानाला कॅनॉल हाय. हा माणूस बोअर तासभर चालतो म्हणलालाय आणि बजेट 30 हजार लिहिलालाय. वाचलाव का नाय बे?

शेंडा_गेला_माढा:
माझं ऐका आणि मग ठरवा. 2020 ला 220 रोपं लावली, पहिलं वर्ष एकदम झकास, शेजारी येऊन बघून जायचे. दुसऱ्या पावसाळ्यात एकेक शेंडा मान टाकायला लागला. मला वाटलं पाणी कमी पडलं म्हणून पाणी वाढवलं. शेवटी एक शेंडा ब्लेडनं उभा चिरला तर आत पेन्सिलीएवढी पोकळी, तोंडाशी डिंकात चिकटलेला भुसा आणि आत निळसर अळी. शेंडा पोखरणारी अळी म्हणतात तिला, हिप्सिपायला रोबस्टा. झाड मरत नाही हो, तेच तर वाईट आहे. शेंडा गेला की खालून तीन-चार फाटे फुटतात आणि सरळ खोडाच्या जागी झुडूप होतं, मग घनफूट कशाचं मोजणार? फवारणी करून थकलो, अळी आत बसलेली, औषध बाहेर. फिजी बेटांवर महोगनीची हजारो हेक्टर लागवड जमली कारण तिथं ही अळीच नाही. एजंट फोटो असल्याच बागांचे दाखवतो.

अकलूजचा_बागायतदार:
माझ्याकडं अळी नाही. मॅनेजमेंट पाहिजे.

शेंडा_गेला_माढा:
30 फूट सरळ खोड आहे का फाट्यासकट? फोटो टाका ना.

रंधा_पटाशी:
मी सुतार, सोलापुरात 31 वर्षं धंदा करतोय. महोगनीचं नाव मोठं झालं ते लाकूड पिळत नाही, रंधा मखमलीसारखा चालतो आणि वाळल्यावर चौकट जागची हलत नाही म्हणून. पण ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडच्या जंगलातलं जुनं झाड. त्या जंगली मालाच्या व्यापारावर 2003 पासून आंतरराष्ट्रीय परमिटचं बंधन आहे, म्हणून सगळे लागवडीच्या मागं लागलेत. गेल्या वर्षी एक शेतकरी 11 वर्षांचं झाड माझ्याकडं घेऊन आला, बुंधा माझ्या मांडीएवढा. चिरला तर मधी मनगटाएवढा लाल गाभा, बाकी सगळं पांढरं, आणि पांढऱ्याला भुंगा लागतोच. आठ दिवसात फळीखाली पिठासारखी पूड साचली. त्याला मी दोन स्टूल करून दिले, पैसे घेतले नाहीत. बारा वर्षांत 2000 चा भाव देणारा माणूस मला दाखवा, मी त्याच्याकडं कामाला जातो.

बार्शीकर_ताई:
सगळे विसरताय की आपला कडुनिंब महोगनीच्याच कुळातला आहे! बांधावर कडुनिंब लावा, पाणी नको, वाळवी नाही, शेळ्यांना पाला, निंबोळ्या विकता येतात. आमच्या वाड्याच्या तुळया कडुनिंबाच्या आहेत, आजोबांच्या आधीच्या.

हिशोबी_पंढरपूर:
कडुनिंब आणि महोगनी एक कुळ? ताई काहीही. उद्या म्हणाल शेवगा आणि चंदन भाऊबंद.

बार्शीकर_ताई:
कुळाचं नाव मेलिएसी. शोधून बघा. कडुनिंब, बकाण निंब, मलबार नीम, तून, महोगनी, आफ्रिकन महोगनी सगळी त्यातच. बीएस्सी बॉटनी आहे माझं.

हिशोबी_पंढरपूर:
बरं, शोधलं. एक मुद्दा तुमचा.

सांगोल्याचा_डाळिंबवाला:
भाऊ डाळिंब लावा. महोगनीत पैसे बघायला नातू लागंल.

तंबोरा_मिरज_सोलापूर:
तूनचं नाव निघालं म्हणून लिहितो. मिरजेचे सतार-तंबोरे याच लाकडाचे, रंगानं लालसर, हलकं, चिरताना सुगंध येतो, आणि खालचा भोपळा आपल्या मंगळवेढ्याकडचा. 2024 ला मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे महोगनीचा चुलतभाऊ आणि सोलापूर जिल्ह्याचा भोपळा एकत्र गातात, पण भोपळेवाल्याला विचारतो कोण. माझ्या आजोबांचा तंबोरा...

चादर_सोलापुरी:
अण्णा, तून मोहोळात येतंय का ते सांगा की.

तंबोरा_मिरज_सोलापूर:
नाही येणार बहुतेक, घाटाकडचं ओलाव्याचं झाड. आणि शेंड्याची अळी त्यालाही लागते.

मलबार_नीम_करमाळा:
मी मलबार नीम लावलाय, सहा-सात वर्षात प्लायवूडवाले नेतात. पण खरं सांगायचं तर पाण्याशिवाय नुसती काठी उभी राहते. माझी निम्मी बांबूला बांधून उभी आहेत.

खाया_पडला:
आता आफ्रिकन महोगनीबद्दल, कारण नर्सरीत महोगनी म्हणून निम्म्या वेळा हाच देतात. शास्त्रीय नाव खाया. ओळखायचं फळावरून. महोगनीचं फळ मोठं, उभं, लांबट, पाच फाका होऊन उकलतं आणि बिया पंखवाल्या. खायाचं गोल, चिकूएवढं, चार फाका. दुष्काळ महोगनीपेक्षा जास्त सोसतो हे खरं. पण वाढ भराभर, मुळं वरवर. माझं दहा वर्षांचं झाड मेच्या वळवाच्या वाऱ्यात मुळासकट गोठ्याच्या पत्र्यावर आडवं झालं. म्हैस वाचली, तिनं तेवढ्यात दावं तोडलं होतं. घराजवळ लावू नका.

हिशोबी_पंढरपूर:
कोणी हिशोब केला का? 140 च्या दरानं 500 रोपं म्हणजे एकरी 70 हजार. त्याच्या 30 हजारात 214 रोपं बसतात, खड्डे, शेणखत, काठ्या, पाणी सगळं फुकट धरून. एजंटला बजेट सांगितलंय का? आणि कराराची प्रत मागा. माझ्या मेव्हण्याच्या करारात लिहिलेलं होतं, माल कंपनीच्या निकषात बसल्यास. निकष कुठंच लिहिलेले नव्हते. दोन वर्षांत ऑफिसचा बोर्ड बदलला, आता तिथं मोबाईलचं दुकान आहे.

कोरडवाहू_मोहोळ:
एजंटला फोन केला. म्हणाला 30 हजार आता भरा, बाकीचे हप्त्यानं. कराराची प्रत रोपं उतरल्यावर देतो म्हणाला. वडलांना स्पीकरवर ऐकवलं.

रंधा_पटाशी:
रोपं उतरल्यावर. वा.

शेंडा_गेला_माढा:
लावायचीच असतील तर थोडी लावा. काळ्या रानात नको, पावसाळ्यात पाणी तुंबलं की मुळं कुजतात. मुरमाडात लावा, मधल्या ओळीत तूर किंवा शेवगा घ्या, कडेनं सावली मिळाली की रोप सरळ वर जातं आणि अळीचा मारही थोडा कमी बसतो. शेंडा वाळला की हातभर खाली कापून जाळून टाका, फाट्यांतला एकच जोमदार ठेवा, बाकीचे काढा. झाड 15-20 फुटाच्या वर गेलं की त्रास कमी होतो. आणि पाऊस लक्षात घ्या, हे हजार मिलिमीटरच्या वरच्या प्रदेशातलं झाड, आपला पडला तर साडेपाचशे.

अकलूजचा_बागायतदार:
हेच मी म्हणत होतो. मॅनेजमेंट.

बार्शीकर_ताई:
कडुनिंब लावा, परत सांगते.

कोरडवाहू_मोहोळ:
अपडेट देतो. एजंटला नाही म्हणून सांगितलं. कडुनिंबाचं वडलांपुढं काढलं तर म्हणाले, ताईंना सांग, कडुनिंब कावळ्याच्या कृपेनं बांधाबांधाला उगवतो, त्याला पैसे देऊन लावला तर गाव हसेल. काळ्या एकरात ज्वारीच राहणार, माणसं मिळोत न मिळोत. मुरमाडात 80 महोगनी लावली. हो, महोगनीच. तुम्ही सगळ्यांनी नको म्हणूनसुद्धा. ओळखीच्या नर्सरीतनं 40 ला रोप, पण आधी त्यांचं मोठं झाड दाखवायला लावलं, खाली पडलेल्या फळाच्या फाका मोजल्या, पाच भरल्या. मधी तूर पेरली. खड्डे वडलांनी आणि मी दोघांनी काढले, रोज आठ, दहा दिवस लागले. विकायला नाही. वडील रोज संध्याकाळी जाऊन शेंडे बघतात, मला व्हिडिओ कॉल करून एकेक दाखवतात. परवा एकाला डिंक दिसला.

शेंडा_गेला_माढा:
कापा लगेच. उद्या नाही, आज.

अकलूजचा_बागायतदार:
तार कंपाउंड केलं का?

चादर_सोलापुरी:
बजेट 30 हजार हाय बे!!