चर्चच्या हॉलमध्ये पोरांसाठी ट्रेनिंग, कुठला ट्रेड घ्यावा?

ऐरोलीकर: आमच्या युवा मंडळाला तुर्भ्याच्या वस्तीतल्या शाळा सुटलेल्या पोरांसाठी हाताला काम देणारं काहीतरी सुरू करायचंय, हॉल रविवारी मिस्सानंतर रिकामाच असतो, पण शिवणकाम की वायरिंग यावरच गाडी अडलीये. आणि वर्गात प्रार्थना ठेवावी का?

ठाण्याची_ताई: आधी पोरांना विचारा की! शिवणकाम आपल्याला सोपं पडतं म्हणून घेऊ नका. रबाळे-महापेला एमआयडीसीत चक्कर मारा, गेटवरच्या 'पाहिजे'च्या पाट्या वाचा. प्रार्थना वर्गाआधी, ज्याला यायचं त्याने यावं, आणि हे पहिल्याच दिवशी आईवडिलांना स्पष्ट सांगा, नाहीतर वस्तीत कुजबुज सुरू होते, मग पोरं पाठवत नाहीत.

घणसोली७: वायरिंग घ्या. दहावी राहिली असेल तर एनआयओएसचा (राष्ट्रीय मुक्त शाळा, घरी अभ्यास करून दहावी देता येते) फॉर्म भरून द्या, वय १४ पूर्ण असलं की बसता येतं. अप्रेंटिसशिपलाही किमान १४च, पण धोकादायक कामाला १८, तेव्हा तसल्या कामाला कुणी पंधराचा पोरगा मागितला तर सरळ नाही म्हणा.

ऐरोलीकर: बरं ताई, आधी महापे. टेस्टर, पक्कड वगैरे स्वस्तात कुठे?

घणसोली७: मुंबईत लोहार चाळ, इलेक्ट्रिक सामानाचा बाजार. एकदम घ्या, घासाघीस करा.