मैत्रिणीसोबत लंडनला चार-पाच दिवस: तिला कोहिनूर, मला भटकंती. कसं जमवावं?

चोपडेकरीण

नमस्कार मंडळी. मी चोपड्याची, हायस्कूलला शिकवते. दिवाळीच्या सुटीत मी आणि माझी धुळ्याची मैत्रीण लंडनला चाललोय. तिचा भाऊ हाउन्सलोला राहतो, मुक्काम त्याच्याकडेच. पण तो आणि वहिनी दिवसभर कामावर, म्हणजे फिरायचं आम्ही दोघींनीच. तिची यादी: कोहिनूर, राजवाडा, लंडन आय, मेणाचे पुतळे. माझी: संग्रहालयं आणि गल्ल्याबोळ. तिचा गुडघा दुखतो, जिने नको वाटतात. मी मात्र चालत सुटते. कॉलेजपासूनची मैत्री आहे, परक्या मुलखात रुसवेफुगवे नकोत. दोघीही शाकाहारी. मित्र-मैत्रिणीसोबत असं कोणी फिरून आलं असेल, तर दिवस कसे वाटून घेतले ते सांगा. ट्रॅव्हलवाल्याची यादी नको, ती आहे माझ्याकडे.

भुसावळकर

राम राम ताई. मी रेल्वेतून रिटायर झालोय. माझा शाळेपासूनचा मित्र जळगावच्या सराफ बाजारात कारागीर आहे. आम्ही दोघं गेलो होतो. निघण्याआधीच ठरवलं, एक जागा त्याची, एक माझी. दुसऱ्याच्या जागी गेल्यावर 'अजून किती वेळ?' असं विचारायचं नाही. बाकी जमेल तेवढं.

त्याची जागा टॉवर ऑफ लंडन. सकाळी दार उघडताच आत गेलो आणि बाकी सगळं सोडून आधी दागिन्यांची खोली गाठली. हे तुम्हीही करा, नंतर रांग लागते. कोहिनूर १९३७ साली राजमातेसाठी घडवलेल्या मुकुटात बसवलाय. समोर सरकता पट्टा असतो, तो तुम्हाला हळूहळू पुढे नेतो. गर्दी नव्हती म्हणून मित्र मागे येऊन पुन्हापुन्हा पट्ट्यावर उभा राहायचा. आधी हिरा पाहिला, मग कोंदण, मग नुसते पैलू. बाहेर बाकावर बसल्यावर मी त्याला वाचलेलं सांगितलं. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात हा हिरा ठेवला होता, पण तो चमकत नाही अशी लोकांची तक्रार आली. म्हणून १८५२ मध्ये नव्याने पैलू पाडले आणि सुमारे १८६ कॅरटचा हिरा १०५.६ कॅरटवर आला. मित्र बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ज्यानं कापला त्याला झोप नसंल लागली रे." पन्नास वर्षं सोन्याची कणी न कणी झाडून गोळा करणाऱ्या माणसालाच असं सुचतं. मी एकटा गेलो असतो तर पाच मिनिटांत बाहेर पडलो असतो.

माझी जागा कुठल्याच यादीत नसते: दक्षिण लंडनमधला क्रिस्टल पॅलेस पार्क. कारण आमच्या गावाशी जोडलेलं आहे. भुसावळच्या जुन्या युरोपीय दफनभूमीत रॉबर्ट गिलची कबर आहे. मद्रास फौजेतला हा अधिकारी. १८४४ मध्ये कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नेमलं आणि त्याची पुढची बहुतेक हयात त्याच डोंगरात गेली. त्याची साथीदार पारो, तिची समाधी अजिंठा गावात आहे, तुम्ही पाहिली असेल. त्याने केलेली मोठमोठी तैलचित्रं लंडनला गेली, इथेच उभ्या असलेल्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या महालात लावली गेली आणि १८६६ च्या डिसेंबरात आगीत बहुतेक सगळी जळाली. तो १८७९ मध्ये वारला. लहानपणापासून त्याच्याबद्दल ऐकत आलो होतो. जिथे त्याची मेहनत जळाली, तिथे एकदा जाऊन उभं राहायचं होतं.

काचेचा तो महाल १९३६ च्या दुसऱ्या आगीत पुरता संपला. आता वरच्या अंगाला रुंद पायऱ्या, लांबलचक ओटे आणि दगडी स्फिंक्स एवढंच उरलंय. मी पायऱ्यांवर बसलो आणि मित्राला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "मग परत काढली का चित्रं?" काढली. ग्रिफिथ्स नावाच्या शिक्षकाने १८७२ पासून मुंबईच्या कला शाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला आल्या आणि १८८५ मध्ये त्यांतल्याही बऱ्याच जळाल्या. मित्र तटकन उठून उभा राहिला. "दोनदा?" त्याला एवढं चिडलेलं मी क्वचितच पाहिलंय.

मग त्यालाच सुचलं. १८५१ चं प्रदर्शन भरलं ते याच महालात. तेव्हा तो हाइड पार्कात होता, १८५४ मध्ये इकडे हलवला. "म्हणजे माझा हिरा आन् तुझी चित्रं एकाच घरात राहून गेली भो!" परतीच्या गाडीत आम्ही फक्त त्यावरच बोलत होतो. राजवाडा पाहिला, लंडन आयपण पाहिलं. बरं होतं.

नंदुरबार ते क्रॉयडन

ताई, मी इथे नर्स आहे. गुडघ्यासाठी एकच सांगते: ट्यूबचा, म्हणजे भुयारी रेल्वेचा, हट्ट धरू नका. जुन्या स्टेशनांत जिने फार. बसमध्ये पुढच्या सीटा अशा लोकांसाठीच असतात, भाडंही कमी. पहिल्या बसपासून तासाभरात बदललेल्या बसला पुन्हा पैसे लागत नाहीत. बसमध्ये रोख चालत नाही. दोघींचं कार्ड वेगळं ठेवा, एकावर दोघी जाता येत नाही. ट्रफाल्गर स्क्वेअरहून १५ नंबरची बस सेंट पॉलवरून थेट टॉवरला जाते, खिडकीतून अर्धं शहर दिसतं.

ब्रिटिश म्युझियम फुकट आहे, तिथली आंध्रातल्या अमरावतीची शिल्पं सोडू नका. तुम्ही आत फिरा, मैत्रिणीला अंगणात चहा पिऊ द्या. अर्धा दिवस वेगळं राहिलं की संध्याकाळी बोलायला विषय मिळतो. आणि प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर घेतलं.

जेवणाला यूस्टन स्टेशनमागची ड्रमंड स्ट्रीट, शाकाहारी हॉटेलं आहेत. शेव, चटण्या, कळण्याचं पीठ खुशाल आणा. तूप, पेढे मात्र नको, दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, मग साडेचारलाच अंधारतं. बाहेरचं सगळं सकाळी उरका.

चोपडेकरीण

दोघांचेही मनापासून आभार. मैत्रिणीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. तिने कोहिनूर मागे टाकला. म्हणते, माझी एक जागा म्हणजे बाबासाहेबांचं घर. तिचे वडील होते तेव्हापासून तिच्या मनात आहे, मला आजच कळलं. माझी जागा भुसावळकर दादांच्या त्या पायऱ्या. दादा, गिलची कबर आम्ही निघण्याआधी भुसावळला येऊन बघू. एवढंच सांगा, पार्कच्या वरच्या बाजूला चढ न चढता जाता येतं का?

नंदुरबार ते क्रॉयडन

येतं. व्हिक्टोरिया लाइनने ब्रिक्स्टनला या, तिथे लिफ्ट आहे. बाहेरून ३ नंबरची बस धरा आणि शेवटच्या थांब्याला उतरा. बस स्थानक वरच्याच अंगाला आहे, पार्क लगेच शेजारी. सुटी असली तर मीच येते स्थानकावर.