वळसंगला सापडलेलं वाक्य अक्कलकोटला हरवतं

डबलबेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी एसटीत कंडक्टर. सतरा वर्षं झाली, त्यातली निम्मी सोलापूर–अक्कलकोट फेऱ्या मारण्यात गेली. कथा लिहितो. म्हणजे लिहायचो. पाच छापून आल्या, शेवटची २०१९ च्या दिवाळी अंकात. त्यानंतर काही नाही.

सुचत नाही असं नाही हो, सुचण्याची आमच्याकडं टंचाई नाही. माझ्या गाडीत पुढच्या सीटवर कन्नड चालतं, मधे तेलुगू, मागच्या बाकावर दखनी, आणि जागेवरून भांडण लागलं की सगळे मराठीत येतात. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तर गाडीला आवाजच निराळा आला आहे. माहेरी, दवाखान्यात, स्वामींच्या दर्शनाला, नुसतं बहिणीला भेटायला; आणि जाताना जे बोलतात ते मी मशीनमधून तिकीट फाडत ऐकतो. कान तयार झालाय. एखादं वाक्य असं येतं की त्यातच कथा उभी असते. फक्त ती माझ्या घरापर्यंत पोचत नाही.

एक उदाहरण देतो, कारण ते मला अजून छळतंय. मागच्या उन्हाळ्यातली दुपारची फेरी. कुंभारीला एक आजी चढली. तिकडं बिडी कामगारांची मोठी वसाहत झाली आहे, त्यातली असावी. खिडकीशी बसली आणि दोन मिनिटांत झोपली. तोंड उघडं, पदर घसरलेला. पण हात जागे! उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट मांडीवर सारखं फिरत होतं. पान घ्यायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. मांडीवर सूप नाही, पान नाही, काही नाही. नुसत्या हवेची बिडी. मी मोजल्या, वळसंग येईपर्यंत तिच्या चाळीसेक झाल्या असतील.

वळसंगला हाक मारून उठवलं. म्हटलं, "आजी, झोपेतबी बिड्या वळताय की." तिनं उतरता उतरता मागं न बघता एक वाक्य टाकलं. चार-पाच शब्दांचं. तेलुगू हेल काढलेलं मराठी. आजूबाजूचे हसले, माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, झाली कथा, हेच शेवटचं वाक्य.

मग एकानं पाचशेची नोट काढली. एका बाईचं मूल पाच वर्षांचं की सात, यावर वाद. मग एक म्हातारबा चुकीच्या गाडीत बसले होते. अक्कलकोट स्टँडला उतरून चहा घेतला, मोबाईल काढला, आणि वाक्य गेलेलं. मी काय टिपलं बघा: "आजी. कुंभारी. हात. झोप." एवढंच. मोबाईलमध्ये अशा २१२ नोंदी आहेत. काल रात्री सगळ्या वाचल्या. किराणा मालाची यादी वाचल्यासारखं वाटलं.

तर प्रश्न असा, की सुचलेलं ताजं कसं ठेवायचं? नोंद राहते, पण त्या क्षणी अंगात जे येतं ते राहत नाही. तुम्ही काय करता? (पहाटे उठून लिहा, हे कृपया सांगू नका. माझी पहाट डेपोत होते.)

---

पूर्वभाग_एक्सप्रेस

कंडक्टर मामा, मोबाईलवर लिहूलालाव कशाला बे एवढं? व्हॉइस रेकॉर्डर चालू करून खिशात टाका की. फेरी संपली की ऐका. मी शॉर्टफिल्मचे डायलॉग असेच गोळा करतो. सात रस्त्यावर वडापावच्या गाडीपाशी दहा मिनिटं उभारलं तरी एक सीन मिळतो.

---

डबलबेल

आयडिया चांगली आहे, पण प्रवाशांचं बोलणं त्यांना न विचारता रेकॉर्ड करणं मला पटत नाही. ऐकू येतं ते वेगळं. शिवाय आमच्या गाडीच्या खिडक्या एकदा ऐकून बघा, आजीचा आवाज त्यात सापडायचा नाही.

---

जुळे_सोलापूरकर

डबलबेल दादा, तुमची ती चार शब्दांची नोंद वाचली आणि मला माझ्या जुन्या वह्या आठवल्या. मी दिवाळी अंकांत बरी वीसेक वर्षं लिहिते आहे. चूक कुठं होते सांगू? तुम्ही विषय टिपलात. विषय कशाला टिपायचा, तो तर लक्षात राहतोच. बघा, आजी, हात, झोप हे सगळं तुम्हाला आठवतंच आहे, वर इतकं छान लिहिलंत. हरवलं ते बोलणं. म्हणून टिपायचं तर फक्त बोलणं टिपायचं, जसंच्या तसं, तिच्या चुकीसकट. "गेलतो" असेल तर "गेलतो". तेलुगू शब्द असेल तर कानाला ऐकू आला तसा, अर्थ नंतर शेजारच्या अक्काला विचारायचा. लगेच शुद्ध मराठी केलंत की मेलंच ते.

आपल्या गावाला हे कुणी शिकवायला नको खरं तर. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात कन्नडमध्ये जे रचलं त्याला वचनं म्हणतात. वचन म्हणजे बोललेलं. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत आपण नंदीध्वजाच्या काठ्यांमागून फिरतो, पण या गावचा इतका जुना लेखक हा बोलल्यासारखं लिहिणारा होता, हे किती जणांच्या डोक्यात असतं?

दुसरं, आणि हे जरा कडू आहे. ती गोष्ट तुम्ही अक्कलकोटला चहा पिताना ड्रायव्हरला सांगितलीत ना? खरं सांगा. मी तर सांगते. जेवायला बसल्यावर नवऱ्याला एखादा किस्सा रंगवून सांगितला, तो हसला, की माझी त्या किश्श्याची भूक भागते. मग लिहायला बसलं की उष्टं वाढल्यासारखं होतं. म्हणून आता नियम केलाय, लिहून होईपर्यंत तोंड बंद. नवरा म्हणतो, हल्ली तू काही बोलतच नाहीस.

---

डबलबेल

सांगितलं. ड्रायव्हरला, कँटीनवाल्याला आणि रात्री घरी. तीनदा. तिसऱ्या वेळी तर वाक्याच्या जागी मीच काहीतरी घालून सांगितलं, आणि आता मूळचं कोणतं आणि माझं कोणतं हेही कळेना.

---

निवृत्त_गणित

मी लेखक नाही. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. पण प्रश्न बसचा आहे म्हणून लिहितो, कारण गणितातलं एक फार प्रसिद्ध "सुचणं" बसच्या पायरीवरच झालेलं आहे.

आँरी प्वांकारे नावाचा फ्रेंच गणिती होता. एका प्रकारच्या फलनांवर तो काम करत होता. पंधरा दिवस रोज तास-दोन तास टेबलाशी बसायचा, खटपट करायचा, हाती काही लागत नव्हतं. एका संध्याकाळी काळी कॉफी प्यायला, झोप उडाली, आणि सकाळपर्यंत पहिला टप्पा सुटला. पुढं तो भूगर्भशास्त्राच्या एका सहलीला गेला. प्रवासाच्या गडबडीत गणित डोक्यातून गेलं. कुतांस गावी ऑम्निबसमध्ये चढताना, पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात, त्याला दिसलं की आपण वापरलेली रूपांतरणं आणि अयुक्लिडीय, म्हणजे शाळेतल्याहून वेगळ्या नियमांच्या, भूमितीतली रूपांतरणं एकच आहेत. हे त्यानं स्वतः १९०८ साली लिहिलं आहे.

आता गंमत ऐका. त्यानं तिथं काहीही टिपलं नाही. पडताळलंही नाही. आत जाऊन बसला आणि आधी चाललेल्या गप्पा पुढं चालू ठेवल्या. घरी परतल्यावर सवडीनं पडताळून पाहिलं, बरोबर निघालं.

त्याला वही लागली नाही आणि तुम्हाला २१२ नोंदी करूनही हाती काही लागत नाही, असं का? मला वाटतं, त्याच्या घरी टेबलावर ते गणित अर्धवट मांडलेलं होतं. पायरीवर जे सुचलं त्याला जाऊन बसायला जागा तयार होती. सुचलेली गोष्ट सुटी नव्हती, ती एका अडलेल्या ठिकाणाचं उत्तर होती. अडलेलं ठिकाण माणूस विसरत नाही, म्हणून उत्तरही विसरत नाही. तुमच्या २१२ नोंदी कशाचं उत्तर आहेत? माफ करा, शिक्षकाची सवय, पण विचारतो. २०१९ नंतर तुमच्या घरी एक तरी कथा अर्धवट मांडलेली आहे का?

तुमच्याच भाषेत सांगतो. फलाटावर गाडीच लागलेली नाही आणि तुम्ही तिकिटं फाडत सुटला आहात. प्रवासी किती वेळ थांबतील? जातात वडापच्या जीपनं.

तेव्हा मी म्हणेन, प्रेरणा जपायची काळजी सोडा आणि एक कथा लिहायला घ्या. वाईट असू दे, अडू दे. अडली की गाडीतली वाक्यं तिच्यात आपोआप चढायला लागतील. जी चढणार नाहीत ती गेली तर जाऊ द्यात. सगळी घ्यायची असतात असं थोडंच आहे?

---

कांडीवाला

सरांच्या "अर्धवट मांडलेलं" यावरून. सोलापूरचा माणूस म्हटल्यावर माग येणारच, हसू नका. आमचा छोटा कारखाना आहे, चादरीचा, आजोबांपासून. मी कविता करतो, घरचे त्याला रिकामपणा म्हणतात.

मागावरचा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, संपत आला की नवखा माणूस काय करेल? जुना सगळा विणून संपवेल आणि मग नवा चढवेल. तसं केलं तर हजारो धागे एकेक करून पुन्हा वहीतून (लिहायची नव्हे, मागावरची धागे वर-खाली करणारी) आणि फणीतून ओवत बसावं लागतं. म्हणून जुना बीम कधी पूर्ण संपवत नाहीत. शेवटचा तुकडा मागावर तसाच ठेवतात, आणि नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठतात. जुन्याला धरून नवा आपोआप वहीफणीतून पुढं सरकतो. गाठी मारणाऱ्याची बोटं बघत राहावीत अशी असतात. तो बोलत असतो, चहा पीत असतो, बघतही नसतो.

लिहिताना मी हेच करतो. आज सगळं सांगून मोकळं व्हायचं नाही. पुढची ओळ माहीत असताना उठायचं. अर्ध्या ओळीवर उठलो तरी चालतं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदापाशी बसण्याऐवजी लोंबत्या टोकापाशी बसतो. मधे दोन दिवस गेले तरी टोक तिथंच असतं. चार दिवस गेले तर मात्र माझं टोक हरवतं, हे प्रामाणिकपणे सांगतो. घरी पाणी चार दिवसांआड येतं, तेवढाच माझ्या कवितेचाही दम.

---

पूर्वभाग_एक्सप्रेस

सरांनी बसची पायरी काढली आणि कांडीवाल्यांनी माग. आता फक्त शेंगा चटणी राहिली बे. 😄 पण सर, भारी सांगितलं. माझ्या मोबाईलमध्ये ६४० ऑडिओ क्लिप आहेत, फिल्म एक.

---

डबलबेल

अकरा दिवसांनी परत येतोय, थोडं सांगायचं आहे.

सरांचा प्रश्न वाचून आधी रागच आला. मग घरी शोधलं. अर्धवट कथा एकही नव्हती. २०१९ नंतर मी एकदाही "सुरू" केलेलं नाही, नुसता गोळा करत राहिलो. त्यात एक सुख होतं हेही कबूल करतो. नोंद केली की लेखक असल्यासारखं वाटतं, आणि लिहिण्यात जो अपमान असतो तो वाट्याला येत नाही.

त्या रविवारी साप्ताहिक सुट्टी होती. २१२ नोंदी तशाच ठेवल्या, उघडल्या नाहीत. मुलीची जुनी वही घेतली, मागच्या बाजूनं सुरुवात केली. आजीचीच कथा. वाक्य अजूनही आलेलं नाही. जुळे सोलापूरकर ताईंनी सांगितलं म्हणून घरी कुणाला काही बोललो नाही, तर बायकोनं विचारलं, डेपोत काही झालंय का.

कथेत कंडक्टर आहे, पण तो मी नाही. तो माझ्यापेक्षा चिडका आहे, त्याच्या कॅशमध्ये एकशे दहा रुपये कमी भरलेत. दोन पानं झाली आणि अडलो: आजी कुठं उतरणार हे त्यानं तिकीट देताना विचारलंय, पण हात बघता बघता तो विसरतो. आता उठवायचं कुठं? दोन दिवस तिथंच अडकून होतो. मग परवा सकाळच्या फेरीला कॉलेजची दोन पोरं मागं बोलत होती. एक दुसऱ्याला म्हणाला, "उठवू नको बे, स्टॉप गेला तर गेला, एवढी झोप कधी लागंल काय त्याला." तिसरा एक मित्र खिडकीला डोकं टेकून घोरत होता.

मी टिपलं नाही. गरजच पडली नाही, ते सरळ जाऊन जागेवर बसलं. संध्याकाळी घरी येईपर्यंत एक शब्द हललेला नव्हता. माझा कंडक्टर आता आजीला उठवत नाही. वळसंग येतं, तो दोरी ओढतो, दोनदा, आणि गाडी पुढं निघते. तिचे हात चालूच.

चौथ्या पानावर आहे. अक्कलकोटला ती जागी झाल्यावर त्याला काय म्हणते, ते मला आत्ता थोडंथोडं ऐकू येतंय, पण कांडीवाल्यांचं ऐकून वही मिटली. उद्या पहिली गाडी आहे.