मदत हवी आहे: ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि भरतकाम
सकाळी बोटं आखडलेली असतात, म्हणून भरतकाम दुपारीच. गजर लावून 15 मिनिटं टाके, मग 5 मिनिटं हात मोकळे. (काम रंगात आलं की गजर नकोसा होतो, पण न थांबल्याची वसुली दुसऱ्या दिवशी होतेच.) रिंग टेबलावरच्या स्टँडला अडकवली की डावा हात सुटतो.

अडचण सुईची आहे. चिमटीत धरली की अंगठ्याच्या बुडाशी ताण येतो, आणि जाड मूठ लावली तर ती कापडातून आरपार जात नाही. आरीच्या (टोकाला आकडा असलेल्या भरतकामाच्या सुईच्या) दांड्यावर फोमची नळी चढवता येते, पण टाका घेताना दांडा फिरवावा लागतो.

मनगटाला पट्टा बांधून कुणी आरी चालवतं का? दांडा किती जाड ठेवता? पंच नीडलला (कापडात टोचून टाके घालायच्या जाड, पोकळ सुईला) दाब जास्त लागतो का?