अनुभव धागा: लॅपटॉपचा कीबोर्ड बिघडलाय आणि खिशात पाचशेचीच नोट आहे

आयर्विनकाठ

जून उजाडला की सांगली-मिरजेत हा प्रश्न हमखास निघतो. प्रवेशाचे फॉर्म, शिष्यवृत्तीचे अर्ज भरायची घाई असते आणि नेमका तेव्हाच 'एंटर' बसत नाही. दुकानात नेलं तर बघितल्या बघितल्या "कीबोर्डच बदलावा लागेल" असं ऐकायला मिळतं. त्याला हो म्हणण्याआधी घरी काय काय तपासता येतं ते इथे लिहा. अट एवढीच, की उपाय हाताखालून गेलेला असावा आणि मॉडेलप्रमाणे काय बदलतं तेही सांगावं. "दुकानात दिला, झाला" असले प्रतिसाद नकोत.

पहिली पायरी मी लिहितो. स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा. आधी बिघाड विंडोजमध्ये आहे की कीबोर्डमध्ये, ते ठरवा. लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा आणि लगेच बायोसचं (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्याचं) बटण दाबत राहा. डेल, एसर, आसूसवर बहुतेक एफ२, एचपीवर एफ१०. तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, भाषाही नाही. बाणाची बटणं, एंटर, एस्केप तिथे चालली आणि विंडोजमध्ये चालली नाहीत, तर एक रुपयाही खर्च न करता काम होणार आहे. बायोस उघडायचं बटणच मेलं असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, मग ॲडव्हान्स्ड स्टार्टअप, तिथून नुसत्या माउसनं बायोसमध्ये जाता येतं.

अक्षरं तपासायची तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट टाका, इन्स्टॉल न करता चालू करा आणि सगळी बटणं ओळीनं दाबून बघा. तिथेही जे बटण मेलेलं, ते खरंच मेलेलं.

इन्स्क्रिप्टवाली

न उघडता सुटणारे प्रकार मी सांगते. निम्मे लोक ह्यातच अडकलेले असतात.

बटण बराच वेळ दाबून धरलं तरच उमटतंय? उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबलं गेलं की फिल्टर कीज चालू होतं. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, कीबोर्ड, तिथे बंद करा. यू, आय, ओ, जे, के, एल दाबल्यावर आकडे येतायत? लहान कीबोर्डवर नमलॉक चालू झालंय. एफ१ ते एफ१२ भलतंच काही करतायत? बऱ्याच मॉडेलांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ते कुलूप उघडतं.

आणि मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी: इन्स्क्रिप्ट ह्या मराठी कीबोर्ड-मांडणीत हलन्त 'डी'वर आहे आणि काना 'ई'वर. 'डी' गेला की एकही जोडाक्षर होत नाही, आणि माणूस फॉन्ट बदलत बसतो. रोमन पद्धतीनं टाइप करणाऱ्यांचं सगळं 'ए'वर अवलंबून. म्हणून फॉन्टला शिव्या घालण्याआधी भाषा इंग्रजी करून तेच बटण दाबा. इंग्रजीतही उमटत नसेल तर टेस्टरदादांचा प्रतिसाद वाचा, ते लिहितीलच.

टेस्टर_मिरज

ताईंनी बोलावलंच आहे तर सविस्तर लिहितो.

बंद बटणांची यादी कागदावर करा. ह्या यादीतच निदान असतं. लॅपटॉपच्या कीबोर्डखाली प्लास्टिकचे तीन पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वाहक शाईच्या रेषा, मधल्याला प्रत्येक बटणाखाली भोक. बटण दाबलं की भोकातून दोन रेषा टेकतात. प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. ८ आडव्या आणि १६ उभ्या रेषा धरल्या तरी १२८ छेद मिळतात, त्यात सगळा कीबोर्ड बसतो. डोळ्याला दिसणाऱ्या रांगा आणि ह्या रेषा जुळत नाहीत, म्हणून एक रेषा तुटली की बंद पडलेली बटणं विखुरलेली दिसतात.

आता यादी वाचा. एकच बटण बंद: कचरा, निसटलेला रबर किंवा तिथला संपर्क खराब. एकदम पाच-सात बटणं बंद आणि शेजारची ठीक: एक रेषा तुटली, नाहीतर रिबनची, म्हणजे कीबोर्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या चपट्या पट्टीची, एक पिन मळली. एक दाबलं की दोन उमटतात: दोन रेषांच्या मध्ये ओल किंवा घाण बसली आहे. काही न दाबता एकच अक्षर धावतंय: बटण अडकलंय किंवा खाली पापुद्रे चिकटलेत. सगळाच कीबोर्ड मेला आणि टचपॅड चालतोय: रिबन सुटलीय का ते आधी बघा, विशेषतः लॅपटॉप पडला असेल किंवा कुणी नुकताच उघडला असेल तर.

मल्टीमीटर असेल तर रेषा तपासता येते, पण बजरवर विसंबू नका. कार्बनच्या शाईला स्वतःचाच रोध बराच असतो. रेषा धड असूनही बजर वाजत नाही आणि चांगला कीबोर्ड भंगारात जातो. २० किलो-ओहमच्या रेंजवर ठेवून आकडा बघा. आकडा स्थिर आला तर रेषा सलग आहे.

मार्केटयार्ड

अडत दुकानातल्या लॅपटॉपांचं वेगळं असतं. हळदीची पूड बटणाच्या कात्रीत, म्हणजे टोपणाखालच्या प्लास्टिकच्या आधारात बसते, आणि ओलं फडकं मारलं की तिचा लगदा होतो. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो. म्हणून आधी पूर्ण कोरडं काम. लॅपटॉप बंद करून उलटा तिरका धरा, रंगाचा मऊ ब्रश एकाच दिशेनं मारा, मग गाडीत हवा भरायचा कॉम्प्रेसर नको, हाताचा फुगा वापरा, म्हणजे कॅमेऱ्यासाठी मिळतो तो. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल असतं, शिवाय जोरानं टोपणं उडतात. पूड निघाल्यावरच अल्कोहोल. उलट क्रमानं केलं तर पिवळं पाणी पापुद्र्यापर्यंत पोचतं आणि पांढरी अक्षरं कायमची पिवळी होतात.

कराडची_शेजारीण

चहा सांडलाय, साखरेचा. लॅपटॉप अजून चालू आहे. काय करू?

सोल्डर

ताई, आत्ताच्या आत्ता पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धरा, बंद होऊ दे. 'शटडाउन' शोधत बसू नका. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही. स्क्रीन उघडी ठेवून लॅपटॉप तंबूसारखा उलटा उभा करा, खाली टॉवेल. हेअर ड्रायर नको, त्यानं प्लास्टिक वाकतं आणि ओल आत ढकलली जाते. तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको.

पाणी असतं तर दोन दिवस वाळवून भागलं असतं. चहातलं पाणी उडून जातं, साखर आणि दूध मागे राहतं. म्हणून वाळवण्याआधी नाही जमलं तर निदान त्यानंतर लगेच ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागेल. इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानात मिळतं, पाव लिटर पुष्कळ होतं. हातावरचं सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं, ते चिकटून राहतं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक विरघळवतात.

टोपण काढताना आधी न लागणाऱ्या बटणावर हात बसवा. पॉज किंवा स्क्रोल लॉक असेल तर ते. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाचा कोपरा खाली सरकवून एका कडेनं हळूच उचला. 'टक' झालं की थांबा, दुसरी कडे आकड्यात अडकलेली असते, ती सरकवून काढायची. खाली दोन तुकड्यांची कात्री आणि मध्ये रबराची टोपी. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून कात्रीचे चारही आकडे आणि टोपीची कड पुसा. स्पेस, एंटर, शिफ्टखाली लोखंडी तार असते, ती दोन आकड्यांत बसते. ओढून काढली तर आकडे तुटतात आणि ते सुटे मिळत नाहीत. ही तीन बटणं शक्यतो काढूच नका.

पुराच्या पाण्याचं गणित ह्याहून वेगळं. २०१९ किंवा २०२१ सारख्या पुरात गाळात गेलेल्या मशिनचा कीबोर्ड धुण्यात वेळ घालवू नये. हार्डडिस्क काढून डेटा वाचतो का बघा.

तासगावकर

सोल्डर भाऊ, ह्यात एक भर. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. चांगल्या कीबोर्डच्या रेषांत चांदीची शाई असते आणि गंधकानं चांदी काळी पडते. पाण्याचा थेंब न पडताही कीबोर्ड हळूहळू एकेक रेषेनं जातो तो त्यामुळे. हिशेबाचा लॅपटॉप शेडच्या खोलीत ठेवू नका. ठेवावाच लागला तर झाकण बंद करून पिशवीत.

निसटलेली रबराची टोपी मात्र मी खोडरबराच्या तुकड्यानं आणि फेविक्विकनं बसवलेली बघितलीय, चालते.

टेस्टर_मिरज

चार दिवस चालते. फेविक्विकची वाफ आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी बसते आणि पातळ असल्यामुळे टोपीखाली शिरून संपर्कच झाकते. सिलिकॉनचा चिकट गोंद सुईच्या टोकानं फक्त कडेला लावा, पूर्ण वाळेपर्यंत बटण दाबू नका.

खोडरबराचा विषय निघालाच आहे तर: रिबनची टोकं खोडरबरानं घासायची जुनी सवय सोडा. सोनेरी पिना असतील तर हलका हात चालेल. काळ्या पिना म्हणजे वरून कार्बन दिलेला असतो, घासला की गेला. अल्कोहोल आणि चष्म्याचं फडकं पुरे.

रिबनपर्यंत पोचायचं तर: चार्जर काढा, मागचं झाकण उघडा, पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर सोडा, मग पॉवर बटण १५ सेकंद दाबा. स्क्रू कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या त्या जागी टेपनं चिकटवा. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की वरच्या बाजूला फोड येतो. रबरी पायांखाली लपलेले स्क्रू आठवणीनं शोधा. झाकण निघत नसेल तर ओढू नका, एक स्क्रू राहिलेला आहे.

रिबनचं कुलूप दोन प्रकारचं. एकात बारीक झडप नखानं वर उचलायची. दुसऱ्यात दोन्ही कानांना धरून चौकट एक-दोन मिलिमीटर पुढे सरकवायची. झडपवाल्याला ओढलं किंवा सरकवाल्याला उचललं की तुटलं, आणि मग काम मदरबोर्डवर जातं. रिबन परत बसवताना दोन्ही बाजू सारख्या आत गेल्या पाहिजेत. जरा तिरकी बसली तरी पुन्हा तीच पाच-सात बटणं बंद.

आयर्विनकाठ

आणि बदलायचाच झाला तर? सांगलीत मागवावा की पुण्याहून आणावा?

सोल्डर

आधी तुमचा कीबोर्ड सुटा निघतो का ते बघा. जुन्या ऑफिसवाल्या मॉडेलांत, थिंकपॅड, लॅटिट्यूड वगैरे, थोडे स्क्रू काढले की कीबोर्ड वर येतो. नवीन बारीक लॅपटॉपांत तो वरच्या पॅनेलला प्लास्टिकच्या वितळवलेल्या खिळ्यांनी बसवलेला असतो, डझनांनी. पॅनेलसकट घेतलं तर महाग. नुसता कीबोर्ड घेतला तर खिळे छाटून, बसवून, सोल्डरिंगच्या टोकानं पुन्हा दाबावे लागतात. खोलीची खिडकी उघडी ठेवून करा, आणि खिळे पुरेसे नाही धरले तर मधली बटणं दाबताना लचकतात. हे काम कारागिराला दिलेलं बरं, मजुरी भाग मागवण्याआधीच ठरवून घ्या.

मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच नावाखाली दोन-तीन कीबोर्ड निघतात. उघडून मागचं लेबल वाचा, लेनोव्होवर एफआरयू, डेलवर डीपी-एन असा नंबर असतो. तोच नंबर मागा. शिवाय एंटर आडवा की उभा, बटणांखाली दिवा आहे की नाही, चौकट आहे की नाही, रिबन डाव्या बाजूला की मध्ये. दिव्याची वेगळी बारीक रिबन असते, ती नसलेला कीबोर्ड बसेल पण उजेड नाही. पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीच्या बाजूला, जुना कीबोर्ड हातात घेऊन गेलं तर जुळवून मिळतो. एका भागासाठी खास गाडीभाडं घालू नका, कुणी जाणारं असेल त्याच्याकडे जुना देऊन पाठवा.

इन्स्क्रिप्टवाली

पाचशेच्या आतलं राहिलंच की. एखादंच बटण मेलं असेल तर शार्पकीज हे फुकट सॉफ्टवेअर घ्या आणि त्याचं काम न लागणाऱ्या बटणाला द्या. उजवं आल्ट 'डी' होऊ शकतं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्येही हे होतं, पण ते लॉगिन झाल्यावरच लागू होतं. पासवर्डातच ते अक्षर असेल तर शार्पकीज बरं. धावणारं बटणही त्यातून बंद करता येतं. एकदाचं लॉगिन अडलं तर लॉगिनच्या पडद्यावर ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हात पडद्यावरचा कीबोर्ड असतो.

बाकी ज्यांना टायपिंगच्या परीक्षेचा सराव करायचाय त्यांनी तीन-चारशेचा यूएसबी कीबोर्ड घ्यावा, झालं. परीक्षेला तसलाच असतो.

टेस्टर_मिरज

एक धोक्याचं: बटणं मधूनच वर उचलल्यासारखी दिसतायत, टचपॅड दाबला जात नाही, झाकण नीट मिटत नाही? कीबोर्डला हात लावू नका. खाली बॅटरी फुगलीय. चार्जर बंद, लॅपटॉप बंद, बॅटरीला टोक लागू देऊ नका, काढून बदला. कीबोर्ड बहुतेक आपोआप ठीक होतो.

कराडची_शेजारीण

वाळवून, पुसून झालं. कीबोर्डची रिबन काढून नुसत्या यूएसबीवर चालवू का? धावणारी अक्षरं तरी थांबतील.

सोल्डर

चालेल, पण ताई, आधी पॉवरचं बटण कुठे आहे बघा. कीबोर्डवरच असेल तर ते त्याच रिबनमधून जातं. रिबन काढली की लॅपटॉप चालूच होणार नाही. काही मॉडेलांच्या बायोसमध्ये चार्जर लावताच चालू होण्याचा पर्याय असतो, तो आधी चालू करून एकदा तपासा, मगच रिबन काढा. पर्याय नसेल तर रिबन राहू दे आणि धावणारं बटण शार्पकीजमधून बंद करा. काढलेल्या रिबनच्या टोकाला टेप लावून ठेवा, मदरबोर्डला टेकायला नको.