निसलवर लिपोसोम चिकटतात, पण जिवाणू पोहत नाहीत

सूक्ष्मजीवी: औषध जिवाणूंवर लादून कर्करोगाच्या गाठीपर्यंत न्यायचंय. म्हणून ई. कोलाय निसल १९१७ या निरुपद्रवी जिवाणूवर डॉक्सोरुबिसिन या कर्करोगाच्या औषधाचे लिपोसोम (चरबीच्या सूक्ष्म पिशव्या, १५० नॅनोमीटर, बाहेरून कार्बॉक्सिल) ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी जोडतोय. वॉश ट्रिस बफरमध्ये, सेंट्रिफ्यूज ८००० जी, १० मिनिटं. मोजक्याच पेशी पोहतात आणि औषधाची लाल चमकही फिकी. ईडीसी वाढवू का?

पेट्रीडिश: नको. आधी ट्रिस बंद करा, त्यातलं अमाइनच एनएचएस खाऊन टाकतं. लिपोसोम एमईएस बफरमध्ये, पीएच ६ च्या आसपास सक्रिय करा, उरलेलं ईडीसी जेल कॉलमवर काढा आणि लगेच पीबीएस बफरमधल्या जिवाणूंत मिसळा. ईडीसी राहिलं तर पेशी एकमेकींना जोडल्या जाऊन गुठळ्या होतात.

८००० जी ला फ्लॅजेला (पोहायच्या शेपट्या) तुटतात. १५०० ते २००० जी, ५ मिनिटं पुरे. व्हॉर्टेक्सवर हलवणं अजिबात नको, टोक कापलेल्या टिपने पेलेट (तळाशी बसलेल्या पेशी) हळू सोडवा. कल्चर रात्रभरचं नको, ओडी (गढूळपणाचं माप) ०.५ च्या सुमाराचं घ्या.

चमकेचं म्हणाल तर लिपोसोमात दाटलेलं डॉक्सोरुबिसिन स्वतःचीच चमक दाबतं. ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटने लिपोसोम फोडून मग मोजा.

गाठसोडवा: हे सगळं जमलं तरी खरी अडचण पुढे आहे. जिवाणू वाढतात, लिपोसोम वाढत नाहीत! अर्ध्या तासाला एक विभाजन धरलं तर तीन तासांत प्रत्येक पेशीवर ६४ वा हिस्सा उरतो. मॉन्ट्रियलच्या सिल्व्हेन मार्टेल यांच्या गटाने २०१६ मध्ये एमसी-१ हे चुंबकीय जिवाणू वापरले, प्रत्येकावर साधारण ७० लिपोसोम. पण ते उंदरांच्या गाठीशेजारी टोचून चुंबकाने वळवले होते. ५५ टक्क्यांपर्यंत जिवाणू कमी ऑक्सिजनच्या भागात शिरले. शिरेतून सोडायचा विचार असेल तर व्हीएनपी२०००९ हा साल्मोनेलाचा दुबळा केलेला वाण आठवा. त्याच्या २००२ च्या चाचणीत २५ रुग्णांपैकी तिघांच्याच गाठीत जिवाणू सापडले, आणि गाठ कोणाचीच आक्रसली नाही.

सूक्ष्मजीवी: मग गाठीतले सीएफयू (जिवंत जिवाणूंची मोजणी) दाखवून भागणार नाही?

गाठसोडवा: नाही. ते जिवाणू तिथेच वाढलेले असू शकतात, औषध सोबत आलं असं त्यातून ठरत नाही. गाठ, यकृत आणि प्लीहा तिन्हींतलं डॉक्सोरुबिसिन एचपीएलसीने (रसायनं वेगळी करून मोजायचं तंत्र) मोजा.

पेट्रीडिश: शिवाय एका गटाला न जोडता नुसते एकत्र केलेले जिवाणू आणि लिपोसोम द्या, डोस तोच. त्या गटाच्या गाठीतही तेवढंच औषध निघालं, तर जोडणीचा खटाटोप वाया.