आयआयटी-मोनाशच्या संयुक्त पीएचडीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण एम.टेक.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय सांडपाण्यातले जड धातू वेगळे करण्याचा. पवईची आयआयटी आणि ऑस्ट्रेलियातलं मोनाश विद्यापीठ यांनी २००८ मध्ये मिळून काढलेल्या संशोधन अकादमीत तिला अर्ज करायचाय. दोन्हीकडचे मार्गदर्शक, संयुक्त पदवी, बराचसा काळ पवईत आणि काही महिने मेलबर्नला, एवढं कळलंय.

अडतंय ते पुढे. दोन मार्गदर्शकांचं एकमत झालं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा? पवईत प्रयोग अर्धवट असताना तिकडे जावं लागलं, तर नमुन्यांचं काय करता? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तिकडे जाण्याची वेळ पुढेमागे करता येते का? बाबांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा तीच त्यांना घेऊन जाते. त्यापायी तिने ही संधी सोडावी असं मला अजिबात वाटत नाही, बाबांनाही नाही.

विद्यावेतनात मुंबईत भागतं का, तेही सांगा.

आमच्या घरात पीएचडीपर्यंत कुणी पोचलेलं नाही, त्यामुळे विचारायला माणूस नाही. तिथे शिकलेलं किंवा शिकत असलेलं कुणी असेल तर कृपया लिहा. मुलाखतीत काय विचारतात हे कळलं तरी खूप आधार होईल.